भिंगारचे गटार आणि संरक्षण खाते

दिल्लीच्या संरक्षण मंत्रालयाकडे रणगाडे आहेत, लढाऊ विमाने आहेत, पाणबुड्या आहेत आणि भिंगारच्या गटारांवरची झाकणे आहेत. पहिल्या तिन्हींवर संसदेत वादळी चर्चा होते. चौथ्या बाबीवरची चर्चा भिंगारच्या सदर बाजारात दुकानाच्या पायरीवर होते, आणि संसदेच्या मानाने तिथे एकमत फार लवकर होते.

बाहेरगावच्या माणसाला हे थट्टेचे वाटते. एसटीने नगरला उतरलेला पाहुणा रिक्षात बसून भिंगारला येतो, तेव्हा वाटेत कुठेही गाव संपल्यासारखे वाटत नाही. नगरच पुढे चालू आहे असे समजून तो उतरतो. पण भिंगार महापालिकेत नाही. ते अहमदनगर कॅन्टोन्मेंट बोर्डात आहे. कागदावर ‘छावणी परिषद’, बोलण्यात नुसते ‘बोर्ड’. शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले तरी भिंगारकर अजून ‘जरा नगरला जाऊन येतो’ असेच म्हणतो आणि दोन-तीन किलोमीटरचा प्रवास करून वेगळ्याच राजवटीत पोचतो. गावाच्या दुसऱ्या अंगाला नागरदेवळ्याची ग्रामपंचायत. म्हणजे सकाळी फिरायला निघालेला सेवानिवृत्त माणूस पाय मोकळे करता करता ग्रामविकास, नगरविकास आणि संरक्षण अशा तीन खात्यांच्या हद्दी ओलांडून नाश्त्याला घरी परत येऊ शकतो. वाटेत कुत्रे मागे लागले, तर ते कुठल्या खात्याचे, हे त्या वेळी ठरवणे अवघड जाते.

अशी बोर्डे देशात मूठभरच. पूर्वी बासष्ट होती. २०२३ मध्ये हिमाचलातली खास योल छावणी कमी झाली आणि एकसष्ट उरली. महाराष्ट्रात सात: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, औरंगाबाद, कामठी आणि अहमदनगर. या सगळ्यांचा कारभार केंद्राच्या २००६ च्या छावणी कायद्याने चालतो. त्याआधीचा कायदा १९२४ चा होता आणि त्याच्याही आधी १८६४ पासूनचे नियम होते. छावण्यांत गोरा सोल्जर लढाईपेक्षा पटकी, ताप आणि बाजारातल्या इतर आजारांनीच जास्त मरतो, असे विलायतेतल्या आयोगाने १८६३ मध्ये सांगितल्यावर इंग्रजांनी स्वच्छता मनावर घेतली. गटार, पाणी, खाटीकखाना, बाजार यांवर लष्कराची नजर बसली. सोल्जर १९४७-४८ मध्ये मायदेशी गेला. गटारे राहिली आणि नजरही राहिली.

भिंगारला मोठ्या लोकांची सवय जुनी आहे. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला तो याच परिसरात, आणि त्यानंतर चार वर्षांत त्याने शेजारी आपल्या नावाचे शहर वसवायला घेतले. १७०७ मध्ये औरंगजेबाने डोळे मिटले तेही भिंगारमध्येच. दख्खनच्या पाव शतकाच्या लढायांनी तोवर त्याचा खजिना बराचसा आटला होता. भिंगारशी संबंध आलेल्या खजिन्यांचे असे पूर्वीपासूनच होत आले आहे. १८०३ मध्ये वेलस्ली आला आणि त्याने भुईकोट किल्ला घेतला. १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद त्याच किल्ल्यात कैदी म्हणून आले आणि जवळजवळ तीन वर्षे राहिले. इतकी थोर मंडळी येऊन गेली, पण त्यांच्यापैकी कोणी इथली घरपट्टी भरल्याची नोंद नाही. ती भरायची वेळ किराणा दुकानदार, शिंपी आणि निवृत्त सुभेदार यांच्यावर आली.

२०११ च्या जनगणनेत या छावणीची लोकसंख्या सुमारे २९ हजार भरली. दहा हजार ते पन्नास हजार म्हणजे कायद्याच्या हिशेबात दुसरा वर्ग. दुसऱ्या वर्गाच्या बोर्डात सात सभासद लोकांनी निवडून द्यायचे आणि सात सरकारी बाजूने यायचे. सरकारी बाजूला स्टेशनचे प्रमुख लष्करी अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, आरोग्य अधिकारी, अभियंता आणि आणखी दोन लष्करी अधिकारी. सात विरुद्ध सात. कायदा करणाऱ्यांना लोकशाही आणि शिस्त यांचा समतोल साधायचा होता, आणि आकड्यांत तो साधलाही. फक्त मते समसमान झाली तर निर्णायक मत अध्यक्षांचे, आणि अध्यक्ष कोण? स्टेशनचे प्रमुख लष्करी अधिकारी.

अध्यक्ष इथे निवडून येत नाहीत, बदलीवर येतात. मतदारांना त्यांची धास्ती नसते आणि त्यांनाही मतदारांची नसते. निवडून आलेल्या सातांतून एकजण उपाध्यक्ष होतो आणि गावाच्या दृष्टीने तोच नगराध्यक्ष. सत्कार त्याचे, हार त्याचे, तेराव्याला सांत्वनाला जायचे तेही त्यानेच. गल्लीतला दिवा गेला की रात्री अकराला फोन त्यालाच. ब्रिगेडियर साहेबांना अकराला फोन करून ‘साहेब, आमच्या बोळातला बल्ब गेलाय’ असे सांगण्याची हिंमत भिंगारमध्ये अजून कोणी केलेली नाही. केलीच, तर पलीकडून काय उत्तर येईल याचे अंदाज मात्र रंगतदार असतात.

बोर्डाच्या सभेतही दोन जगे समोरासमोर बसतात. एकीकडे दिलेल्या वेळी दिलेल्या जागी हजर राहण्याची आयुष्यभर सवय असलेले लोक. दुसरीकडे ‘अकराची मीटिंग म्हणजे बाराला निघू’ या संस्कारात वाढलेले लोक. एका बाजूला विषय दोन मिनिटांत मांडायचे शिक्षण, दुसऱ्या बाजूला विषयाला हात घालण्यापूर्वी छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा फुले, बाबासाहेब आंबेडकर आणि वॉर्डातील तमाम माताभगिनी यांना वंदन करण्याचा रिवाज. समजा तमाम सभासदांचे एकमत झाले आणि ठराव मंजूर झाला, तरी अध्यक्षांना तो पटला नाही तर ते त्याची अंमलबजावणी थांबवून प्रकरण कमांडच्या प्रमुखांकडे पाठवू शकतात. तशी तरतूद कायद्यातच आहे. कमांड म्हणजे दक्षिण कमांड, मुक्काम पुणे. जिचा विस्तार अनेक राज्यांवर आहे आणि जिने देशाची युद्धे लढली आहेत, तिच्या टेबलावर भिंगारच्या भाजी मंडईतल्या ओट्यांचा वाद जाऊन बसू शकतो.

हे सारे निवडून आलेले सभासद असतील तर. शेवटची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. मुदत २०२० मध्ये संपली, सहा-सहा महिने करत दोनदा वाढली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये खरोखरच संपली. तेव्हापासून ‘बदललेले बोर्ड’ आहे. त्यात अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेला एक नागरिक. चौदांचे तीन झाले. कोरम पूर्ण करायला रिक्षा पुरते.

मध्ये एकदा आशा पालवली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातल्या ५७ छावण्यांची निवडणूक जाहीर झाली, तारीख ३० एप्रिल. इच्छुकांनी दाढ्या केल्या, पांढरे कपडे इस्त्रीला टाकले, बऱ्याच वर्षांनी लांबच्या नात्यातल्या लोकांच्या तब्येतीची चौकशी सुरू झाली. वॉर्डातल्या मंडळांना अचानक कॅरम बोर्डाची गरज भासू लागली आणि ती भागवायला माणसेही मिळू लागली. १७ मार्चला केंद्राने अधिसूचना काढून निवडणूकच रद्द केली. ज्यांनी कॅरम बोर्ड दिले होते त्यांना ते परत मागता येईनात. लोकशाहीतला एवढा निव्वळ नफा भिंगारच्या मंडळांना यापूर्वी कधी झाला नसेल.

आता पैशाचे बघू. कारण नगरपालिकेची खरी नाडी पैशात, आणि भिंगारची नाडी तपासताना वैद्यसुद्धा गोंधळेल.

कोणत्याही गावात पालिकेला कर मिळतो तो जमीन आणि इमारती यांच्यावर. भिंगारच्या छावणीत सर्वांत मोठा जमीनमालक कोण? केंद्र सरकार. रणगाड्यांचे प्रशिक्षण देणारे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल नगरला, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र नगरला, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई नगरला. रणगाड्यांचे संग्रहालयसुद्धा इथलेच, १९९४ पासूनचे. एवढ्या मालमत्तेवर घरपट्टी लावली असती तर भिंगारच्या रस्त्यांवर गुळगुळीत डांबर नव्हे, गालिचे अंथरता आले असते. पण घटनेचे कलम २८५ आडवे येते. केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. त्याऐवजी ‘सेवा शुल्क’ मागता येते.

मग व्यवहार असा होतो. बोर्ड संरक्षण खात्याच्या हाताखाली. बोर्डाचे अध्यक्ष लष्करातले. कार्यकारी अधिकारी संरक्षण संपदा सेवेतले, म्हणजे संरक्षण खात्याचेच. हे बोर्ड सेवा शुल्काची मागणी तयार करून पाठवते ती संरक्षण खात्याकडे. ते खाते ती तपासते, त्यावर विचार करते, तरतूद किती आहे ते बघते आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षाकडे सरकवते. देशभरच्या छावण्यांचे रडगाणे या थकबाकीपाशी येऊन थांबते. पुण्याच्या छावणीची तर ती शेकडो कोटींत गेली आणि पगार भागवताना ओढाताण झाल्याच्या बातम्या तिथे नेमाने येत राहिल्या.

इतर ठिकाणी थकबाकीदाराचे काय करायचे याचे शास्त्र मार्च महिन्यात बहरते. महाराष्ट्रात कित्येक पालिका वसुलीपथकाबरोबर हलगीवाला पाठवतात. बड्या थकबाकीदाराच्या दारात हलगी कडाडू लागली की शेजारच्या गच्चीवर बायका जमतात आणि शेठजी मागच्या दाराने चेक पाठवतात. भिंगारच्या बोर्डाने हा उपाय करायचा ठरवला तर हलगी वाजवायची कुणाच्या दारात? सर्वांत मोठ्या थकबाकीदाराचे दार दिल्लीला. शिवाय छावणीच्या कायद्यात उपद्रवांची जी लांबलचक यादी आहे, तिच्यात परवानगीशिवाय ढोल बडवणे, शिंग फुंकणे आणि भांडी वाजवणे हेही आहे. म्हणजे वसुलीसाठी हलगी वाजवायची झाली तर बोर्डाला आधी बोर्डाची परवानगी काढावी लागेल.

दुसरा झरा होता तो बाहेरून येणाऱ्या मालाचा. जकात, मग तिचे वेगवेगळे अवतार, नाके, पावत्या, ट्रकवाल्यांशी वाद. देशभरच्या छावण्या या ना त्या रूपात त्या पैशावर जगल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि माल गावात येण्यावरचा कर घटनेच्या यादीतूनच गेला. महाराष्ट्रातल्या महापालिकांचे बुडालेले उत्पन्न भरून देण्यासाठी राज्याने कायदा केला आणि दरमहा रक्कम पाठवू लागले. छावण्यांनी विचारले, आमचे काय? तुम्ही केंद्राचे. केंद्राकडे गेले तर जीएसटीचा वाटा राज्यांना दिलेला. निवेदने तयार झाली, शिष्टमंडळे गेली, फोटो निघाले. शिष्टमंडळाच्या फोटोत सगळे हसरे असतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या लक्षात आलेच असेल. निवेदन देणारे हसतात, घेणारे त्याहून जास्त हसतात.

कायद्याने मात्र छावणीचा मान राखला आहे. केंद्राच्या योजनांचा लाभ मिळावा म्हणून बोर्डाला घटनेतल्या नगरपालिकेसारखीच नगरपालिका मानावे, असे २००६ च्या कायद्यात लिहिले आहे. त्यामुळे बोर्ड नगरपालिका आहे. राज्याच्या यादीत शोधायला गेले तर ते नाही. निवडणूक लावायची असली तर राज्याच्या निवडणूक आयोगाचा संबंध नाही. विजेचे बिल यायचे असले तर महावितरण बरोबर शोधून काढते.

उरला नागरिक. त्याच्याकडून मालमत्ता कर, पाणीपट्टी, सफाईचा कर, दुकानाचा परवाना, गाळ्याचे भाडे, बाजाराच्या दिवशी बसणाऱ्यांकडून वसुली. मालमत्ता कर वार्षिक करयोग्य मूल्याच्या किमान दहा आणि कमाल तीस टक्के. मूल्य ठरते ते घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल यावर, आणि ही आकारणी दर तीन वर्षांनी नव्याने होते. यादी लागते, हरकती मागवतात, सुनावणी होते. ही सुनावणी म्हणजे एकपात्री प्रयोगांचा महोत्सव असतो. तीस वर्षे राबून बांधलेल्या घराची मालक स्वतःच्या तोंडाने जी बदनामी करतो, ती त्याच्या भाऊबंदांनीही कधी केली नसेल.

‘साहेब, घर कसलं, खुराडं आहे. पावसात भिंतींना ओल येते. जिना असा की पाहुणे वर चढले की उतरायला घाबरतात.’

‘पण दोन मजले दिसतात.’

‘दिसतात साहेब. राहवत नाही.’

‘पुढे दुकानाचा गाळा आहे ना?’

‘आहे, पण गिऱ्हाईक कुठंय? आमचं आम्हीच एकमेकांना विकतो.’

याच घरमालकाने मागच्या आठवड्यात मुलीकडच्या मंडळींना हेच घर ‘सदर बाजाराजवळ, मोक्याच्या जागी, खाली धंदा वर राहणं’ असे दाखवलेले असते. दोन्ही वर्णने तो तितक्याच निष्ठेने करतो. आणि साहेबांनाही हे माहीत असते, कारण सुनावणीला आलेले पुढचे चौघेही तसलेच जिने घेऊन आलेले असतात. शेवटी थोडे इकडे थोडे तिकडे होऊन आकडा ठरतो. मालक कपाळाला हात लावून बाहेर पडतो आणि चहाच्या टपरीवर ‘कमी करून घेतला’ असे सांगतो.

घराचा तिसरा मजला मात्र बोलायचा विषय नाही. छावणीत बांधकामाची परवानगी म्हणजे तपश्चर्या. इथली जमीन कुणाची, हा साधा प्रश्न विचारला की उत्तरादाखल ‘जीएलआर’ निघतो. तो जमिनींचा लष्करी उतारा, १९२५ आणि १९३७ च्या नियमांनी चालणारा. अनेक जुन्या मिळकतींत जमीन सरकारची आणि वरचे बांधकाम तेवढे तुमचे, असा प्रकार. पाया सरकारचा, पत्रा आपला. दुरुस्ती करायची तर अर्ज, वाढवायचे तर नकाशा, नकाशा दिला तर पुणे. तीन भावांचे कुटुंब वाढत राहते, चटईक्षेत्र वाढत नाही. मग कोणी गच्चीवर तात्पुरती शेड घालतो. भिंगारच्या काही तात्पुरत्या शेडमध्ये जन्मलेली मुले आता नोकरीला लागली आहेत.

अंदाजपत्रकाचेही असेच. ते इथे तयार होते, मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज अशा दोन जिल्दांत. मंजुरीसाठी पुण्याला संरक्षण संपदा विभागाकडे जाते. या विभागाची दिल्लीतली महासंचालनालय ही थोरली पाती देशातल्या १७.९९ लाख एकर संरक्षण जमिनीचा हिशेब ठेवते. त्यांतली १.६१ लाख एकर छावण्यांच्या हद्दीत. वाळवंटापासून बर्फापर्यंतच्या जमिनी मोजणाऱ्यांच्या कपाटातच भिंगारच्या घंटागाडीचे डिझेल आणि शाळेची बाके बसलेली असतात. तिथे बाकांची संख्या चुकली तर परत येते. बाके नाहीत, फाईल. मुलांनी उभे राहावे, असे कुणीच म्हणत नाही. पण वर्ष कधी संपते ते कळत नाही.

पाणी हा भिंगारकरांचा सगळ्यांत हळवा विषय. आणि सगळ्यांत गंमतशीरही, कारण इथे पाण्याची परंपरा मोठी आहे. निजामशाहीत डोंगरपायथ्याच्या गावांतून जमिनीखालून खापरी नळांचे नहर नगरात आणले होते. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, नागापूर असे डझनाहून जास्त नहर होते आणि त्यांपैकी एक भिंगारचा. पंप नाही, वीज नाही, उतार तेवढा बरोबर. सोळाव्या शतकातल्या अभियंत्याने पाणी राजवाड्याच्या कारंज्यापर्यंत चढवले.

आता पाणी येते ते राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून. धरण २६ टीएमसीचे. पावसाळ्यात ते भरल्याचे फोटो भिंगारमध्ये व्हॉट्सअॅपवर धरणाच्या पाण्याच्या कितीतरी आधी पोचतात. पाण्याला मात्र वाटेत लष्कराच्या एमईएस या अभियांत्रिकी खात्याला भेटून यावे लागते. बोर्ड ते त्यांच्याकडून विकत घेते, टाकीत भरते आणि वॉर्डावार सोडते. धरण राज्याचे, वाट लष्कराची, टाकी बोर्डाची, वीज महावितरणची, हंडा आपला. यातले चार हात नीट जुळले की पाचवा भरतो.

उन्हाळ्यात दोन पाण्यांमधले अंतर आठवड्याकडे सरकू लागते, तेव्हा गावात वॉलमनची खरी किंमत कळते. बोर्डाचे अध्यक्ष ब्रिगेडियर असतील, पण हातात लांब पाना घेऊन सायकलवरून जाणाऱ्या वॉलमनला जे सलाम मिळतात ते कवायतीतही मिळत नसतील. त्याला कोणी नुसते ‘ए’ म्हणत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला अख्खा वॉर्ड जातो. तो कुठल्या बोळात वळला याची खबर त्याच्या सायकलच्या आधी धावते, आणि ज्या शहरात रणगाड्यांच्या हालचालींचे शिक्षण देतात त्या शहराला शोभेल अशी टेहळणी गच्चीगच्चीवरून चालते. पाणी रात्री दोनला आले तर घरातला आजारी माणूससुद्धा बादली उचलतो. वास्तुशांतीचा मुहूर्त गुरुजी काढतात, पण तो पाण्याच्या वाराशी जुळत नसेल तर गुरुजींना दुसरा काढावा लागतो. मोर्चे निघतात, बोर्डाच्या दारात हंडे वाजतात. भांडी वाजवण्याबद्दलचे कलम त्या दिवशी कोणी आठवत नाही.

रस्त्यांचे थोडक्यात. गावाजवळून जाणारा पाथर्डीचा रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग ६१. त्याला ‘कल्याण–विशाखापट्टणम महामार्ग’ म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे भिंगारकराची दुचाकी ज्या खड्ड्यात आदळते तो स्थानिक खड्डा नसतो. तो कोकणपट्टीला बंगालच्या उपसागराशी जोडतो. तक्रार केली तर बोर्ड म्हणते हा महामार्गवाल्यांचा, आणि आतल्या बोळातला खड्डा दाखवला तर तो बोर्डाचा निघतो, म्हणजे निधी नाही. मालकी सिद्ध झालेला खड्डा जास्त टिकतो.

सगळेच रडगाणे नाही, हेही सांगायला हवे. लष्करी हद्दीतली झाडी बघायला नगरची माणसे संध्याकाळी गाड्या काढून येतात. तिकडचे रस्ते झाडलेले, दगडांना गेरू-चुन्याचे पट्टे, पाट्या सरळ. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर संरक्षणमंत्र्यांनी ‘ई-छावणी’ हे संकेतस्थळ सुरू केले. जन्म-मृत्यूचे दाखले, नळजोड, व्यवसाय परवाना, कर भरणे, सगळे घरबसल्या. जवळचे फिरते शौचालय कुठे आहे ते शोधण्याचीही सोय त्यात जाहीर झाली होती. ज्याला त्याची निकड असते त्याने त्या क्षणी मोबाइल काढून पासवर्ड आठवावा, ही अपेक्षा मात्र जरा लष्करी वाटते. ज्येष्ठ मंडळी अजूनही खिडकीवर जाऊनच कर भरतात. पावतीवर शिक्का नसला तर पैसे भरल्यासारखे वाटत नाही, आणि येता-जाता चार लोक ‘काय, घरपट्टी?’ असे विचारतात, ते संकेतस्थळावर कोणी विचारत नाही.

तर अशा या गावाचे आता काय करायचे, याचा विचार दिल्लीत चालू आहे. छावण्यांतला नागरी भाग काढून शेजारच्या नगरपालिकांत घालायचा, असे धोरण ठरले. खास योल हा त्याचा पहिला घास. त्यानंतर इतर छावण्यांचे प्रस्ताव आले, भिंगारचे महापालिकेत विलीनीकरण करण्याच्या बैठका झाल्या, मोजण्या झाल्या, माहिती मागवली गेली. नागरी सोयींच्या मालमत्ता महापालिकेला फुकट मिळाव्यात आणि त्यांच्याबरोबर देणीही जावीत, असे केंद्राचे सर्वसाधारण सूत्र आहे. सोयरिकीत मुलाकडचे दागिन्यांच्या यादीकडे बघतात आणि मुलीकडचे कर्जाच्या, तसे महापालिका आणि बोर्ड एकमेकांच्या कागदांकडे बघत आहेत. कर्मचारी कुणाचे, पेन्शन कुणाची, शाळा कुणाची, दवाखाना कुणाचा, आणि नागरी वस्ती काढून घेतल्यावर मधल्या रस्त्याला फाटक लागले तर पलीकडे राहणाऱ्यांनी दळण कुठे न्यायचे, असे प्रश्न निघतात.

भिंगारकरांची मते विचारावीत तर सकाळी एक असते आणि पाणी आल्यावर दुसरे. तरुणांना महापालिका हवी. चटईक्षेत्र वाढेल, शेड पक्की होईल, राज्याच्या योजना मिळतील, निवडणुकाही होतील. वयस्करांचा हात हनुवटीवर जातो. त्यांनी महापालिका २००३ पासून शेजारून पाहिली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्याही नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकच होता, हेही त्यांनी पाहिले. तिथेही खड्डे आहेत, तिथेही पाण्याचे वार आहेत.

एका बाबतीत मात्र महापालिकेचा मोठेपणा सगळे मान्य करतात. थकलेल्या घरपट्टीवर तिथे महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. ती साठून मूळ कराला ओलांडू लागली की प्रशासन शास्तीमाफी जाहीर करते. कधी पन्नास टक्के, कधी पंचाहत्तर, कधी सगळीच. वेळेवर भरणारा हळहळतो आणि न भरणारा सवलतीत भरून आपली दूरदृष्टी घरच्यांना समजावून सांगतो. नगरचे जाणकार थकबाकीदार तर माफीची दवंडी ऐकल्याशिवाय बिलाच्या घड्याही उलगडत नाहीत.

ही सोय भिंगारमध्ये फारशी नाही. त्यामुळे विलीनीकरणावर सदर बाजारात परवा चर्चा तापली, तेव्हा एका बाजूने विकास, दुसऱ्या बाजूने करवाढ, मध्येच संरक्षणमंत्र्यांचे नाव, असा गोंधळ चालला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातले आजोबा कानाला हात लावून सगळे ऐकत होते. शेवटी त्यांनी चष्मा वर सारला.

‘विलीन व्हायचं ते होऊ दे सावकाश,’ ते म्हणाले, ‘आधी नगरला विचारा, पुढची शास्तीमाफी कधी आहे. तोवर मी यंदाची भरत नाही.’